परगांवच्या माणसाचें बँकेंतील खातें



जुलै महिना लागला म्हणजे वर्धा व सेवाग्राम या दोन स्थानकांवर उतरणाऱ्या माणसांत नवख्यांची संख्या एकाएकीं वाढते. कोणी हिंदी विश्वविद्यालयांत शिकावयास आलेला असतो, कोणी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत. कोणाची बदली पुलगांवच्या दारूगोळ्याच्या भांडारांत झालेली असते, तर कोणी कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखालीं काम मिळेल या आशेनें बिहार-ओडिशाकडून आलेला असतो. अशा माणसाला राहण्यास खोली दोन दिवसांत मिळते, जेवणाची सोय तिसऱ्या दिवशीं लागते, आणि दूधवाला तर चौथ्या दिवशीं आपण होऊन दारांत उभा राहतो. परंतु बँकेंत खातें उघडण्यास मात्र त्याला कधीं कधीं महिनाहि पुरत नाहीं. पहिला पगार व्हावयाची वेळ आलेली असते, शिष्यवृत्तीचा हप्ता यावयाचा असतो, आणि कचेरींतून एकच निरोप येत राहतो : 'खातेक्रमांक द्या.' बँकेंत जावें तर तेथें दुसराच निरोप : 'येथला पत्ता दाखवा.' या दोन निरोपांच्या कात्रींत सांपडलेल्या माणसाविषयीं मी आज बोलणार आहें.

हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु ज्याचें खातें नाहीं अशा मजुराचा पगार कोठें राहतो, याचा आपण थोडा विचार करावा. तो ठेकेदाराच्या वहींत राहतो. किंवा दुसऱ्या कोणा 'आपल्या माणसाच्या' खात्यांत जमा होतो, आणि त्या आपल्या माणसाकडून हातीं येईपर्यंत त्याला वाटेंतच पाय फुटतात. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ति अडून राहते आणि खानावळीचें देणें वाढत जातें. रोख पैसा खोलींतल्या पेटींत ठेवावा, तर एका खोलींत सहा जण राहतात. घरीं पैसे पाठवावयाचे तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मोबाइलवरून पाठवावे लागतात, आणि त्याबद्दल शेंकडा कांहीं तरी त्याच्या हातावर ठेवावें लागतें. ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्यालाच तो सांभाळण्याचा खर्च अधिक पडावा, असा हा उलटा न्याय आहे.

वर्ध्याला वास्तविक परका माणूस परका वाटूं नये. कारण हें गांवच मुळीं बाहेरून आलेल्या माणसांनीं वाढविलेलें आहे. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला, आणि १८६६ मध्यें पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं त्याचें ठाणें वसविण्यांत आलें. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ सालीं सीकरकडील काशी-का-बास या गांवचा. दत्तक म्हणून ते लहानपणीं वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरीं आले. विनोबा १९२१ सालीं साबरमतीहून आले. गांधीजी १९३४ पासून वर्ध्यास राहूं लागले आणि १९३६ मध्यें जवळच्या सेगांवीं जाऊन राहिले. कुमारप्पा तंजावरकडचे, आर्यनायकम् सिंहलद्वीपांतले, मीराबेन इंग्लंडच्या. या सर्व मंडळींना वर्ध्याचा पत्ता मिळाला तो येथें आल्यावर. घेऊन कोणीच आलें नव्हतें.

आणि पत्त्याची अडचण काय असते, याचा दाखला तर या गांवाच्या नांवांतच आहे. गांधीजी सेगांवीं राहूं लागले, तेव्हां त्यांच्या नांवें येणारीं पत्रें वारंवार दुसऱ्याच गांवीं जाऊं लागलीं. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव हें आगगाडीच्या रस्त्यावरचें, सर्वांच्या माहितींतलें ठिकाण. टपाल खात्यास तेंच आधीं आठवे. शेवटीं १९४० सालीं सेगांवचें नांव पालटून सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें. ज्या पुरुषास सारें जग ओळखत होतें, त्याचीं पत्रें देखील पत्त्याच्या घोटाळ्यामुळें चुकत होतीं. मग ज्याला या गांवांत चार माणसेंहि ओळखत नाहींत, त्याच्या पत्त्याविषयीं बँकेनें शंका घेतली तर त्यांत नवल कसलें?

बँक ही शंका कां घेते, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर आपण खिडकीमागच्या कारकुनाला उगीच दोष देत बसूं. परक्या माणसाची ओळख पटविल्याशिवाय पैशाचा व्यवहार करूं नये, हा नियम इंग्रजी बँकांनीं आपल्याला शिकविलेला नाहीं. आपल्या पेढ्यांवर 'शाहजोग' हुंडी चालत असे. तिचे पैसे वाटेल त्या माणसाच्या हातांत पडत नसत. पेठेंत ज्याची पत आहे अशा शहाच्या, म्हणजे सावकाराच्याच, मार्फत ते द्यावे लागत. हुंडी चोरीची निघाली तर शहाला धरतां येई. मारवाडांतून निघालेला तरुण विदर्भाच्या कापसाच्या पेठेंत येऊन व्यापार करूं शके, तो याच बळावर : त्याच्या मागें कोणा तरी पेढीचा शब्द असे. पत ही त्या माणसाच्या अंगची नव्हे, तर त्याच्यासाठीं बोलणाऱ्याची असे.

पुढें बँका आल्या, पण तत्त्व तेंच राहिलें. खातें उघडावयाचें तर जुन्या खातेदाराची 'ओळख' लागे. अर्जाच्या तळाशीं त्यानें सही करावयाची कीं, या गृहस्थांस मी अमुक वर्षें ओळखतों. यामागें कायद्याचें कारण होतें. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यांतील कलम १३१ असें सांगतें कीं, रेघा मारलेला चेक आपल्या गिऱ्हाइकासाठीं वसूल करतांना बँक सद्भावनेनें व हयगय न करतां वागली असेल, तर चेक चोरीचा निघाला तरी खऱ्या मालकास ती जबाबदार राहत नाहीं. आतां हयगय केली नाहीं हें सिद्ध कसें करावयाचें? खातें उघडतांना माणसाची चौकशी केली होती, एवढेंच बँकेला दाखवितां येतें. म्हणून ती ओळख. ती सही म्हणजे बँकेची ढाल होती. खातेदाराला तिचा उपयोग फारसा नव्हता.

या पद्धतींत एक मोठें व्यंग होतें, तें आपल्या ध्यानांत आलेंच असेल. जो गांवांत नवा आहे त्याला ओळख देणार कोण? ज्याला ओळखी आहेत त्याचें खातें बहुधा आधींच असतें. मग परका माणूस ओळख शोधीत हिंडे, आणि प्रसंगीं ओळख नसतांहि कोणी तरी भिडेखातर सही करी. अशा सहीचें मोल तें काय! या शतकाच्या आरंभापासून रिझर्व्ह बँकेनें माणसाच्या शब्दाऐवजीं कागदावर भर दिला, आणि आज ओळखदाराची सही ही खात्याची अट राहिलेली नाहीं. कोणत्याहि शाखेंत 'आमचा एखादा खातेदार घेऊन या' असें सांगण्यांत आलें, तर तें जुन्या संवयीचें बोलणें आहे, नियमाचें नव्हे.

येथून पुढें मी व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. ज्यांचीं मुलें शिक्षणासाठीं परगांवीं जावयाचीं आहेत, किंवा ज्यांच्या घरीं परगांवचा भाडेकरी राहतो, त्यांनीं त्या ध्यानांत ठेवाव्या.

पहिला विचार असा कीं, नवें खातें खरोखरच हवें आहे काय? आतां एका शाखेंतलें खातें देशांत कोठूनहि चालवितां येतें. दरभंग्याच्या शाखेंत खातें असलेल्या विद्यार्थ्यास वर्ध्यांत पैसे काढण्यास किंवा मोबाइलवरून देण्यास कांहीं अडचण नाहीं. शाखाच जवळ हवी असेल तर त्याच बँकेच्या येथील शाखेंत खातें वर्ग करून घेतां येतें, आणि एका शाखेनें एकदां ओळखीची पूर्ण पडताळणी केली असेल तर दुसऱ्या शाखेनें ती पुन्हां सगळी मागावयाची नसते. पोस्टाच्या बचत खात्याचीहि हीच सोय आहे. १८८२ पासून देशभर चालत आलेलें हें खातें एका पोस्टांतून दुसऱ्या पोस्टांत नेतां येतें. वारंवार बदली होणाऱ्या माणसाला त्याहून सोयीचें दुसरें साधन मला दिसत नाहीं. परंतु पुष्कळदां मालक सांगतो कीं पगार अमुकच बँकेंत होईल. किंवा जुन्या खात्यास जोडलेला मोबाइल क्रमांकच बंद पडलेला असतो. मग नव्या खात्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

नव्या खात्यासाठीं ओळख व पत्ता दाखविणारा एक अधिकृत कागद लागतो. पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, आणि रोजगार हमीचें जॉब कार्ड हीं त्यांत येतात. आपल्या शहरी मंडळींना शेवटचें नांव ऐकून आश्चर्य वाटेल. पण सरकारी अधिकाऱ्याची सही असलेलें जॉब कार्ड बँकेच्या दृष्टीनें पारपत्राच्याच पंक्तींत बसतें. यांशिवाय पॅन, अथवा तो नसल्यास विहित नमुन्यांतलें निवेदन, आणि एक छायाचित्र.

आतां मुख्य कुलूप. कागदावर पत्ता असतो तो गांवाकडचा. खिडकीवरचा कारकून म्हणतो, "हा तर कटकचा पत्ता. वर्ध्याचा दाखवा. घरमालकाचें विजेचें बिल आणा, नाहीं तर भाडेपत्र आणा." विजेचें बिल घरमालकाच्या नांवचें, त्यावरून भाडेकरी तेथें राहतो हें सिद्ध होत नाहीं. आणि भाडेपत्राचें नांव काढलें कीं घरमालकाच्या कपाळाला आठी पडते. त्याला करार नको असतो. मुद्रांकाचा खर्च नको असतो, आणि कागदावर लिहून दिलें तर हा माणूस घर बळकावील अशी एक जुनी भीति त्याच्या मनांत असते. मग विद्यार्थी पंधरा दिवस बँक आणि घरमालक यांच्यामध्यें येरझारा घालतो. यांत विशेष खेदाची गोष्ट ही कीं, या येरझारा बहुतेक वेळां अनावश्यक असतात.

रिझर्व्ह बँकेनें ९ जून २०१४ रोजीं बँकांस कळविलें कीं, पत्त्याचा एकच पुरावा पुरे. तो कायमच्या पत्त्याचा असो वा सध्यांच्या. पुढें आधारासंबंधानें पुष्कळ वादळ झालें. बँकेच्या खात्यास आधार जोडणें सक्तीचें करतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं दिला. आणि २०१९ मध्यें कायदा दुरुस्त होऊन खातेदाराच्या स्वेच्छेनें आधार वापरण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नियमांत आणखी एक लहानशी भर पडली. स्थलांतर करणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बँकेंत आधार क्रमांकाची पडताळणी करून खातें उघडणाऱ्या माणसाचा सध्यांचा पत्ता आधारावरील पत्त्याहून निराळा असेल, तर त्यानें तसें स्वतःच्या सहीनें लिहून द्यावें. तेवढें पुरे आहे. घरमालकाचें बिल नको, भाडेपत्र नको, नगरसेवकाचा दाखलाहि नको.

ज्याला आधार द्यावयाचें नाहीं, आणि ज्याच्या दुसऱ्या अधिकृत कागदावर जुना पत्ता आहे, त्याच्यासाठींहि मार्ग आहे. दोन महिन्यांहून जुनें नसलेलें विजेचें, पाण्याचें, टेलिफोनचें किंवा गॅसचें बिल, घरपट्टीची पावती, निवृत्तिवेतनाचा आदेश, किंवा सरकारी खातें, सार्वजनिक उद्योग अशा मालकानें दिलेलें निवासस्थानाचें पत्र, यांपैकीं एखादा कागद तात्पुरता चालतो. मात्र तीन महिन्यांच्या आंत नव्या पत्त्याचा अधिकृत कागद बँकेला आणून दाखवावा लागतो.

मग कारकून येथला पत्ता मागतो कशासाठीं? कांहीं अंशीं अज्ञानामुळें, आणि बऱ्याच अंशीं भयामुळें. खोट्या खात्याबद्दल कारकुनाला जाब द्यावा लागतो. खऱ्या माणसाला परत पाठविल्याबद्दल कोणी विचारीत नाहीं. अशा स्थितींत तो एक कागद जास्तच मागणार. त्याच्याशीं भांडण्यानें कांहीं साधत नाहीं. "साहेब, आधारावरचा पत्ता गांवाकडचा आहे, येथला पत्ता मी लिहून देतों, नियमांत तशी सोय आहे," असें शांतपणें सांगावें. तरीहि नकार मिळाला तर त्याचें कारण लेखी मागावें. लेखी मागितलें म्हणजे पुष्कळदां व्यवस्थापक स्वतः उठून येतो आणि काम होऊन जातें. न झालें तर बँकेकडे लेखी तक्रार द्यावी; तीस दिवसांत उत्तर आलें नाहीं किंवा समाधान झालें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. तेथें शुल्क लागत नाहीं, वकीलहि लागत नाहीं.

लिहून दिलेला पत्ता मात्र खरा व पुरा असावा. बँक त्या पत्त्यावर कार्ड किंवा पत्र पाठविते, आणि तें परत आलें म्हणजे शंकेला जागा होते. वर्ध्याचा पिन ४४२००१ आणि सेवाग्रामचा ४४२१०२. रेल्वेच्या एका टप्प्याचें अंतर, पण टपालाच्या दृष्टीनें दोन निराळीं गांवें. खोली घेतली त्या आठवड्यांतच पोस्टमनला भेटून आपलें नांव सांगून ठेवावें. दारावर पाटी घरमालकाची, पाकीट कोणा 'मोहंती'च्या नांवचें. बिचाऱ्या पोस्टमननें काय करावें?

ज्याच्याजवळ अधिकृत म्हणावा असा एकहि कागद नाहीं, त्याचें काय? अशीं माणसें आहेत. वीटभट्ट्यांवर व ऊसतोडीच्या टोळ्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीं 'लहान खातें' आहे. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून, छायाचित्र देऊन तें उघडतां येतें. त्यांत एका वेळीं ५०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवतां येत नाहीं, वर्षाला एकंदर १ लाखाहून अधिक जमा होत नाहीं, आणि महिन्याला १०,००० हून अधिक काढतां येत नाहीं. तें बारा महिने चालतें. अधिकृत कागदासाठीं अर्ज केल्याचें दाखविल्यास आणखी बारा महिने. या खात्याची माहिती बँका आपण होऊन देत नाहींत, म्हणून मी ती येथें मुद्दाम सांगतों. आपल्या घराचें बांधकाम चाललें असेल तर त्या मजुरांपैकीं एखाद्याच्या कानावर ती घालणें कठीण नाहीं.

ज्यांच्याजवळ कागद आहेत, पण किमान शिल्लक ठेवण्याची ऐपत नाहीं, त्यांनीं 'मूलभूत बचत खातें' असें नांव घेऊन मागावें. त्यांत शून्य शिल्लक चालते, पैसे काढण्याचें कार्ड फुकट मिळतें, आणि महिन्यांतून निदान चार वेळां पैसे विनामूल्य काढतां येतात. २८ ऑगस्ट २०१४ रोजीं आरंभ झालेल्या जनधन योजनेचीं खातीं याच जातीचीं. अट एवढीच कीं, त्याच बँकेंत दुसरें बचत खातें ठेवतां येत नाहीं.

आतांपर्यंत मी विद्यार्थी व मजूर यांच्याविषयीं बोललों. परंतु आपल्या देशांत गांव सोडून दुसऱ्या गांवीं जाणाऱ्यांत सर्वांत मोठा वर्ग कोणाचा, हें ठाऊक आहे काय? लग्न होऊन सासरीं जाणाऱ्या मुलींचा. त्यांना आपण परगांवचीं माणसें म्हणून मोजीतच नाहीं. पांढुर्ण्याची मुलगी आर्वीस दिली. राज्य बदललें, जिल्हा बदलला, आडनांव बदललें, आणि महाराष्ट्रांतल्या चालीप्रमाणें मधलें नांव वडिलांचें जाऊन नवऱ्याचें आलें. कांहीं घरांत तर तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहून मूळचें नांवहि बदलतात. मग तिचें आधार एका नांवाचें, पॅन दुसऱ्या, आणि लग्नाच्या पत्रिकेंत तिसरेंच! बँकेंतला कारकून हे तीन कागद पाहून म्हणतो, या तीन बाया कोण?

नियम येथेंहि उदार आहे. जुन्या नांवाचा अधिकृत कागद, आणि त्याच्या जोडीला विवाहनोंदणीचें प्रमाणपत्र किंवा राजपत्रांतली नांवबदलाची सूचना असली कीं, तो कागद ग्राह्य धरतात. म्हणून विवाहनोंदणी लग्नाच्या धामधुमींतच उरकून घ्यावी. माझें स्वतःचें मत विचाराल, तर मूळचें नांव बदलण्याची हौस घरापुरती ठेवावी. कागदावर तिला हात लावूं नये. आणि आणखी एक : सुनेचें माहेरचें खातें 'आतां काय करावयाचें' म्हणून बंद करण्याची घाई करूं नये. त्यांतले पैसे तिचे आहेत. तें येथील शाखेंत वर्ग करून तिच्याच एकटीच्या नांवें चालूं द्यावें. संयुक्त खातें काढावयाचेंच असेल तर तें निराळें काढावें.

याच ठिकाणीं एक सापळा आहे, आणि तो सुशिक्षितांनाहि दिसत नाहीं. सरकारी मदतीच्या पुष्कळ रकमा आधार क्रमांकाच्या आधारें जमा होतात. देशांतील अशा देण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या निगमाच्या नोंदींत प्रत्येक आधार क्रमांकापुढें एकाच बँकेचें नांव असतें. जी बँक शेवटीं जोडली, तिचें. नवें खातें उघडतांना अर्जावर एक चौकोन असतो, 'शासकीय लाभ या खात्यांत घेण्यास संमति' अशा अर्थाचा. कारकून सांगतो म्हणून आपण तेथें खूण करतों, आणि जुन्या खात्यांत येणारे पैसे त्या दिवसापासून नव्या खात्यांत जाऊं लागतात. बाई जुन्या बँकेंत तीन खेपा घालते, तेथें सांगतात कीं पैसे आलेच नाहींत. आलेले असतात, फक्त दुसरीकडे. २०२४ मध्यें सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पैसे याच वाटेनें जात असल्यामुळें ही गोष्ट घरोघर कळणें अवश्य आहे. त्या चौकोनांत खूण करण्यापूर्वीं, आपल्याला कोणतें खातें या कामासाठीं हवें आहे, तें ठरवावें.

परदेशांतून शिकावयास येणाऱ्यांचीहि या जिल्ह्यांत वर्दळ आहे. हिंदी विश्वविद्यालयांत निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी येतात. त्यांच्यासाठीं अनिवासी जातीचें खातें पारपत्र, व्हिसा आणि विद्यालयाचें प्रवेशपत्र यांवर उघडतां येतें, आणि येथल्या पत्त्याचा पुरावा तीस दिवसांत द्यावयाचा असतो. तोंपर्यंत बाहेरून येणाऱ्या रकमेवर व शिल्लकेवर मर्यादा असते. पाकिस्तानच्या नागरिकास मात्र रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. यापलीकडे त्यांची वाट आपल्या विद्यार्थ्यांहून फार निराळी नाहीं.

बँक कोणती निवडावी, असें मला पुष्कळदां विचारतात. नवख्या माणसाला पाटी पाहून ठरवावें लागतें, आणि पाट्या सर्वांच्याच मोठ्या असतात. बँक, सहकारी बँक आणि पतसंस्था यांतला भेद त्यानें जाणून घ्यावा. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि त्या धक्क्यानंतर १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. त्या वेळीं तो १,५०० रुपयांपर्यंत होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेंतील एका ठेवीदारास ५ लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकांनाहि तो लागू आहे, पतसंस्थांना नाहीं. हा शेवटचा शब्द विसरूं नये, कारण पतसंस्थेचा माणूस गोड बोलतो, घरीं येतो आणि व्याजहि थोडें अधिक सांगतो. २०१४ च्या सुमारास नागपूर, वर्धा व बुलढाणा या जिल्ह्यांच्या मध्यवर्ती सहकारी बँका परवान्याच्या प्रश्नामुळें अडचणींत आल्या, तेव्हां सरकारला त्यांच्या मदतीस धावावें लागलें. ज्यांचे पैसे त्या काळांत अडकले त्यांना पाटीचा अर्थ पुरता समजला.

खातें निघालें, कार्ड आलें, मोबाइल जोडला गेला. आतां परगांवच्या मुलाला एक नवाच मित्र भेटतो. चहाच्या टपरीवर ओळख होते. तो म्हणतो, "तुझें खातें महिनाभर मला वापरूं दे. माझ्या धंद्याचे पैसे त्यांत येतील, तूं काढून दे. दर खेपेला दोन हजार तुझे." घरापासून दूर असलेल्या, पैशाची ओढ असलेल्या मुलाला यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. परंतु ते पैसे कोणा म्हाताऱ्या निवृत्त माणसाला फसवून काढलेले असतात. पोलीस मागोवा घेत येतात तो पहिल्यांदा या खात्यापाशीं. मित्राचा तोंपर्यंत पत्ता नसतो. खातें गोठवितात, त्यांत मुलाची शिष्यवृत्तिहि गोठते, आणि मुलाला जबाबासाठीं कोठल्या तरी दूरच्या पोलीस ठाण्यांत जावें लागतें. मुलाला परगांवीं पाठवितांना आईबाप चोरांविषयीं, अपघातांविषयीं, वाईट संगतीविषयीं बजावतात. पासबुक, कार्ड व मोबाइलचें सिम हीं तीन कोणाच्या हातांत द्यावयाचीं नाहींत, हें त्याच यादींत घालावें.

नामनिर्देशनाचा रकाना कोरा ठेवूं नये. मजुराच्या बाबतींत तर मुळींच ठेवूं नये. तो गेला तर त्याच्या बायकोला गांवाकडून वर्ध्याला येऊन वारसाचे कागद गोळा करावे लागतात, आणि रक्कम कधीं कधीं रेल्वेच्या भाड्याएवढीच असते.

राहतां राहिलें गांव सोडतांना काय करावयाचें तें. शिक्षण संपतें, बदली होते, काम उरकतें. माणूस सामान बांधतो, घरमालकाचा हिशेब करतो, खानावळीचे पैसे चुकते करतो, आणि बँकेंतलें खातें तसेंच सोडून जातो. त्यांत तीनचारशें रुपये असतात, म्हणून कोणी फिकीर करीत नाहीं. दोन वर्षें खातेदारानें स्वतः कांहीं व्यवहार केला नाहीं म्हणजे तें खातें निष्क्रिय ठरतें, आणि दहा वर्षें झालीं कीं शिल्लक रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदारांच्या निधींत जाते. त्यानंतरहि खातेदारास किंवा त्याच्या वारसांस ती बँकेकडून मागतां येते. कोठल्या बँकेंत अशी रक्कम पडून आहे तें शोधण्यासाठीं २०२३ पासून 'उद्गम' नांवाची सोयहि करण्यांत आली आहे. तरी निघण्यापूर्वीं अर्धा दिवस काढून एक तर खातें बंद करावें, नाहीं तर नव्या गांवच्या शाखेंत वर्ग करून घ्यावें, आणि सरकारी लाभ याच खात्यांत येत असतील तर आधीं ते दुसऱ्या खात्याकडे वळवून मगच हें बंद करावें. अर्ज एका पानाचा असतो. वर्ध्याची गाडी रात्रीची असेल, तर तो सकाळीं देऊन दुपारपर्यंत पासबुकावर शेवटची नोंद करून घेतां येते.